मिठाचा बर्फ आणि पाठीतलं पाणी

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. बोईसरच्या एका लहानशा लॅबमध्ये मी वीस-बावीस वर्षं लोकांचं रक्त काढते आणि तपासते. कारखान्यांतले कामगार येतात, "दीदी, धीरे से" म्हणतात, आणि मी "हाथ ढीला छोड़ो" म्हणून खेकसते. सुई मात्र माझी हलकी आहे. सुई हलकी म्हणून लोक माझी जीभ चालवून घेतात. घरच्यांना सुईचा काही उपयोग नाही, त्यांच्या वाट्याला नुसती जीभ येते.

राहते सरावलीला, माहेर तारापूरच्या पुढे, अगदी किनाऱ्यावर. बाबा तांडेल होते, म्हणजे बोटीवरचे मुख्य. गुडघे गेल्यापासून ते समुद्रात जात नाहीत, आता धाकटा भाऊ जातो. पण एका कामासाठी गाव अजून बाबांकडेच येतं. कुणाला लांबच्या पाहुण्याला मासे पाठवायचे असले की पेटी बाबा भरून देतात. फोडलेल्या बर्फाचा थर, त्यावर खडे मीठ, त्यावर मासा, परत बर्फ, परत मीठ. मिठानं बर्फ जास्त गार होतो हे मला शाळेत शिकवायच्या कितीतरी आधी बाबांनी शिकवलं होतं. नाशिकच्या आत्याकडे त्यांनी पाठवलेलं पापलेट दुसऱ्या दिवशी दगडासारखं कडक पोचायचं. "माझी पेटी कधी नासली नाय," हे वाक्य ते दर दिवाळीला एकदा तरी म्हणायचे, आणि कुणीतरी "नाय हो, कशी नासेल," म्हणेपर्यंत थांबायचे.

आता भावजयीबद्दल. धाकट्या भावाची बायको, तेव्हा बत्तीस वर्षांची. बोईसरच्या बाजारात मासे विकते. मी तापट, ती तोंडाळ, त्यामुळे आमचं छान जमतं. गिऱ्हाईकानं बोंबील हातात घेऊन वास घेतला की ती म्हणते, "बाय, अत्तर पायजे तर पलीकडच्या दुकानात जा." ती हसायला लागली की आजूबाजूच्या चार टोपल्यांवरचं गिऱ्हाईक तिच्याकडे वळतं.

तिच्या दुखण्याची सुरुवात डोळ्यापासून झाली. एका सकाळी डाव्या डोळ्यासमोर धुकं आलं, बुबुळ फिरवलं की दुखायचं. कुणीतरी थेंब दिले, महिनाभरानं डोळा आपोआप सुधारला, आणि आम्ही सगळे ते विसरून गेलो. मीसुद्धा विसरले, जी दिवसभर लोकांना "दुखणं अंगावर काढू नका" म्हणून सुनावते. पुढच्या वर्षी पावसाळा सरल्यावर तिचा उजवा पाय बधिर झाला. "ताई, चप्पल पायातून निघून जाते आणि मला कळत पण नाय गो," म्हणाली. मासा कापायला मान खाली घातली की पाठीतून वीज गेल्यासारखं होतं, हेही तिनं हसत हसतच सांगितलं. मला मात्र हसू आलं नाही. मी तिला हाताला धरून एमआरआयला नेलं.

मेंदूत आणि मणक्यात पांढरे ठिपके दिसले. पालघरच्या एका हॉस्पिटलात दर गुरुवारी मेंदू आणि नसांचे डॉक्टर येतात. शांत माणूस, घाईत असूनही घाई न दाखवणारा. त्यांनी फिल्म उजेडाला धरली आणि सांगितलं, "मल्टिपल स्क्लेरॉसिस असावा. शरीर आपल्याच नसांच्या आवरणावर उठतं, असा आजार. पण अगदी असेच दिसणारे आणखी दोन आजार आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर बरं वाटायच्या ऐवजी बिघडू शकतं. म्हणून मला खात्री हवी."

खात्री कशी करायची, तर पाठीच्या मणक्यात सुई घालून थोडं पाणी काढायचं. मेंदू आणि मणका ज्या पाण्यात असतो ते पाणी. त्याच वेळी हाताचं रक्तही घ्यायचं आणि दोन्ही मुंबईच्या मोठ्या लॅबला पाठवायचं. तिथे दोन्हींतल्या अँटिबॉडी शेजारी शेजारी मांडून बघतात. पाण्यात ज्या पट्ट्या दिसतात त्याच रक्तातही दिसल्या, तर त्या बाहेरून झिरपून आल्या. पाण्यात आहेत आणि रक्तात नाहीत, तर त्या आतच तयार होतायत. शिवाय त्या दुसऱ्या दोन आजारांच्या खास अँटिबॉडी असतात, त्याही शोधायच्या.

मी हे सगळं भावजयीला सोपं करून सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात ती डॉक्टरांना म्हणाली, "म्हंजे विहीर खारी लागली तर खाडीचं पाणी आत शिरलं, का विहिरीचा झराच खारा, ते बघायचं. बरोबर ना?"

डॉक्टर तिच्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "बरोबर. यापेक्षा चांगलं मलाही सांगता आलं नसतं." ती लगेच माझ्याकडे वळली. "बघ. आणि तू मला अडाणी बोलतेस."

एवढं कळूनही ती पाणी काढू द्यायला तयार होईना. आमच्याकडे एक समज अगदी घट्ट बसलेला आहे, की पाठीतलं पाणी काढलं की माणूस कायमचा लंगडा होतो. गावात कुणाची तरी सासू, कुणाची तरी मावशी अशी लंगडी झालेली असतेच. मी समजावलं, ओरडले, परत समजावलं. भाऊ बोटीवर जायच्या आदल्या दिवशी अख्खी दुपार तिच्याजवळ बसून राहिला, तरी नाही. शेवटी पाय ओढत ती माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "एकदाच देईन. एकदा काय ती सुई घालायची ती घाला. परत मागायला आलीस तर मी नाय देणार, मग मरू दे तो पाय. माझ्या डोक्यावर हात ठेवून सांग, एकदाच."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "एकदाच."

त्या गुरुवारी बाबा आमच्याबरोबर पालघरला आले. भाऊ समुद्रात होता, आठवडाभर परतायचा नव्हता, आणि घरातला पुरुष बरोबर हवा असं बाबांचं म्हणणं. सुई घालताना मी आत होते. भावजय कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपलेली, आणि तिनं माझी तीन बोटं अशी आवळून धरली होती की नंतर दोन दिवस दुखत होती. डॉक्टरांचा हात छान होता. पाणी थेंब थेंब नळीत पडलं. अगदी नितळ, पिण्याच्या पाण्यासारखं. इतकी वर्षं मी असल्या नळ्या हाताळल्या, पण आपल्या माणसाचं पाणी असं पडताना पहिल्यांदाच बघत होते.

पेशी मोजायची नळी हॉस्पिटलनं तिथेच ठेवून घेतली. अँटिबॉडीची नळी आणि रक्ताची नळी मला दिली. आणि इथेच माझी चूक झाली. रक्त आधी मशीनमध्ये फिरवायचं, वरचं पिवळं सिरम वेगळं काढायचं, मगच ते थंडीत ठेवायचं, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. पण भावजय पडल्या पडल्या मला हाक मारत होती, तिला तासन्‌तास सपाट झोपून राहायचं होतं, ती मला सोडायला तयार नव्हती. मी दोन्ही नळ्या थर्माकोलच्या पेटीत घातल्या, निळी जेलची पाकिटं लावली, आणि पेटी बाबांच्या हातात दिली. "बाबा, ही बोईसरला माझ्या लॅबमध्ये द्या. चारच्या आत पोचवा, चारला मुंबईची गाडी येते. आणि गार राहिली पाहिजे. बाकी काय नको, फक्त गार ठेवा."

रक्त लॅबमध्ये माझ्याबरोबर काम करणारी जोडीदारीण फिरवेल, असं मी मनातल्या मनात ठरवलं. तिला फोन करून सांगायचं राहिलं ते राहिलंच.

बाबा एसटीनं गेले. साडेचारच्या सुमाराला लॅबमधून माझ्या जोडीदारणीचा फोन आला. "ताई, तुमच्या बाबांना उशीर झाला, गाडी गेली. पेटी दिलीय त्यांनी. पण वर लेबल काय लावू, पापलेट का सुरमई?"

"म्हणजे?"

"आत नुसता बर्फ आहे, फोडलेला. गच्च भरलाय. आणि मीठ आहे हो."

भावजयीची आई तोपर्यंत आली होती. तिला तिथे बसवलं, आणि मी मिळेल त्या रिक्षानं बोईसर गाठलं.

बाबा पेशंटच्या बाकावर बसले होते. चेहरा कसा, तर शाबासकीची वाट बघणारा. त्यांनी सांगितलं ते असं. एसटीत बसल्यावर त्यांनी पेटी उघडून ती निळी पाकिटं दाबून बघितली. ती मऊ पडली होती. मऊ पडलेल्या बर्फावर बाबांचा कधीच विश्वास बसलेला नाही. बोईसरला उतरून ते मासळी बाजारातल्या बर्फवाल्याकडे गेले, बर्फ बारीक फोडून घेतला, वाण्याकडून खडे मीठ घेतलं, पाकिटं काढून पिशवीत ठेवली, आणि सुनेच्या पाठीतलं पाणी त्यांनी आयुष्यात कुठलीच पेटी भरली नसेल इतकं जीव लावून भरलं. त्यातच उशीर झाला.

मी हात घालून नळ्या काढल्या. पाण्याची नळी पांढरी दगड झालेली. रक्ताची नळीही गोठलेली, आणि माझ्या हाताच्या उबेनं कडेला वितळत होती. वितळलेलं रक्त लाल सरबतासारखं आरपार दिसत होतं. रक्तातल्या पेशी फुटल्या की असं होतं. असं रक्त तपासणीला चालत नाही.

माझं डोकंच फिरलं. "बाबा, हा मासा नाय! किती वेळा सांगायचं, सगळ्या गोष्टी म्हंजे मासा नाय! तिनं एकदाच दिलं होतं, एकदाच! आणि तुमी मिठानं सगळं नासवलंत!"

दोन पेशंट बसले होते, जोडीदारीण होती. बाबा उठले. डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. "तूच बोललीस, गार ठेव," एवढंच म्हणाले, आणि गुडघ्यावर हात देत पायऱ्या उतरून गेले. मी त्यांना थांबवलं नाही. तेव्हा मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, मला फक्त भावजयीच्या डोक्यावर ठेवलेला माझा हात दिसत होता.

मुंबईच्या लॅबला फोन लावला. पलीकडे एक बाई होत्या, आवाज करडा. मी झालं ते सांगितलं, अर्थात वडिलांच्या बर्फापासून सुरुवात करून. त्यांनी मधेच विचारलं, "रक्त स्पिन केलं नव्हतं?"

"नाही," मी म्हटलं.

"मॅडम, तुम्ही टेक्निशियन आहात ना? सिरम वेगळं न करता थंड पेटीत ठेवलंतच कसं?"

हाच प्रश्न मी आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना विचारते, आणि तोही ह्याच आवाजात. माझे कान गरम झाले. पाण्याच्या नळीला बर्फ चालला असता. रक्ताची नळी मी बाबांच्या खिशात जरी दिली असती तरी काही बिघडलं नसतं. नासवलं होतं ते मी.

"आणि पाणी?" मी विचारलं. "ते पूर्ण गोठलंय."

"पूर्ण गोठलंय? मग वितळू देऊ नका," त्या म्हणाल्या. "आम्हीही ते गोठवूनच ठेवतो. पण एकदा वितळून परत गोठलं तर खात्री देता येत नाही. जसं आहे तसंच दगड राहून आमच्यापर्यंत आलं पाहिजे. रक्त आजच परत घ्या, सिरम काढा, जोडीला पाठवा. पोचल्यावर अवस्था बघून ठरवू."

"म्हणजे परत पाठीत सुई नको?"

"पोचल्यावर बघू, म्हटलं ना."

माझ्या जिवात थोडासा जीव आला. नळी लॅबच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवली आणि परत पालघर. दुसऱ्या दिवसापासून भावजयीला स्टेरॉइडचं सलाईन सुरू होणार होतं, त्याच्या आत रक्त घ्यायला हवं होतं.

ती सपाट पडून छताकडे बघत होती. मी हातात सुई घेतल्यावर म्हणाली, "परत?"

"हातातलंच घ्यायचंय. मघाचं कमी पडलं."

"वीस वर्षं रक्त काढणारीला कमी पडलं?" तिनं मान न हलवता नुसते डोळे माझ्याकडे वळवले. "काय केलंस गो?"

तिच्यापुढे खोटं टिकत नाही. मी सगळं सांगितलं. बर्फ, मीठ, फुटलेलं रक्त, ती करडी बाई. ती आधी हसली. डोकं ठणकत असतानाही हसली, आणि "आई गं" करत डोकं धरून परत हसली. "माझं पाणी मिठात घातलं! बाबांनी! आता मला सुकवायला वाळूवर टाका." मग एकदम थांबली. "बाबांना बोललीस काय?"

"बोलले."

"काय बोललीस?"

मी तिच्या दंडाला पट्टा बांधायला घेतला. तिनं परत विचारलं. "नासवलंत, असं बोलले."

तिनं डोळे परत छताकडे वळवले. मग म्हणाली, "नासवलंत? त्यांना? बाई, दुसरा शब्द नाय मिळाला तुला? मला तो पाय चालतो, असाच राहिला तर राहू दे. पण त्या म्हाताऱ्याला हा शब्द नको होता."

मी तिचं रक्त काढलं. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तिनं हात जराही हलवला नाही. बोईसरला परतून मी ते रक्त फिरवलं, वरचं पिवळंधमक सिरम वेगळं केलं. आयुष्यात इतक्या काळजीनं मी कुणाचं सिरम काढलं नसेल.

प्रश्न उरला पाठवायचा. मुंबईची पुढची गाडी शुक्रवारी सकाळी अकराला निघणार होती, वाटेत चार ठिकाणी थांबत संध्याकाळी पोचणार. कोरडा बर्फ, म्हणजे ड्राय आइस, हवा होता. तो मागवायला दोन दिवस लागतात. जेलच्या पाकिटांत नळी दगड राहणं शक्य नव्हतं, वाटेतच वितळली असती. सहा-सात तास एखादी गोष्ट दगड ठेवणारा माणूस मला एकच माहीत होता.

सकाळी स्कूटी काढून मी गावाला गेले. बाबा ओट्यावर जाळं मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"बाबा, पेटी भरून द्याल?"

ते जाळ्याची गाठ बघत राहिले. मग विचारलं, "किती तास?"

"सात धरा."

ते उठले, आत गेले, आणि घरातल्या मिठाची पिशवी घेऊन आले. वाण्याच्या मिठावर त्यांचा भरवसा नसावा. मागे बसून वाटभर त्यांनी ती पिशवी मांडीवर धरली होती. बर्फवाला त्यांना ओळखून म्हणाला, "चाचा, कल भी, आज भी? घर में शादी है क्या?" त्याला बाबांनी फक्त हातानं दाखवलं, आणखी बारीक फोड.

लॅबच्या ओट्यावर त्यांनी पेटी भरली ती मी उभी राहून बघितली. "ह्याला कसं पायजे?" नळीकडे बोट करून विचारलं. मी म्हटलं, "दगड." "आणि ह्याला?" सिरमची नळी. "नुसतं गार." त्यांनी दोन पेट्या घेतल्या. सिरमसाठी कालचीच ती निळी पाकिटं, रात्रभर फ्रीजरमध्ये कडक झालेली, लावली, मधे वर्तमानपत्राच्या घड्या. दगडाच्या पेटीत तळाला बर्फ, त्यावर मीठ, हातानं दाबून, परत बर्फ. नळी मी दोन पिशव्यांत बांधून दिली, ती त्यांनी मधोमध ठेवली आणि चारी बाजूंनी बर्फ ठासला. "पोकळी राहिली की बर्फ मरतो," ते म्हणाले. मला म्हणाले की स्वतःशी, कळलं नाही. सगळ्यात वर गोणपाटाचा तुकडा.

"बाबा, काल मी..."

"टेप दे," ते म्हणाले.

मी टेप दिला. गाडीवाला पेटी उचलताना म्हणाला, "ताई, मच्छीचा वास येतोय." बाबा त्याला म्हणाले, "मंग सांभाळून ने."

पुढचे बारा दिवस कसे गेले ते मला विचारू नका. पेटी मिळाल्याचा निरोप आला, पण नमुना चालला की नाही ते काही कळवलं नाही. विचारलं तर, "प्रोसेसमध्ये आहे." सलाईननं भावजयीचा पाय सुधारला. पाचव्या दिवशी तिनं अंगठा हलवून दाखवला आणि नर्सला म्हणाली, "बघा, टोपली उचलायला निघाला." भाऊ समुद्रातून परतला, त्यानं सगळं ऐकलं आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. माझ्याकडे दर रविवारी बाबांकडून मासे यायचे. तो रविवार कोरडा गेला. पुढचाही गेला. माझा नवरा ताटातली डाळ बघून म्हणाला, "एवढं काय बोललीस?" मी त्यालाही सांगितलं नाही.

बाबा रागावलेत, असंच मी धरून चालले होते. त्यांना रागावायचा हक्क होता. मी दोनदा गावाला गेले, दोनदा त्यांच्याजवळ ओट्यावर बसले, आणि दोनदा हवापाण्याच्या गप्पा मारून परत आले. ओरडायला मला क्षण लागत नाही, पण "चुकलं" हा एवढासा शब्द काही तोंडातून निघत नव्हता.

तेराव्या दिवशी, बुधवारी, रिपोर्ट आला. लॅबच्या कॉम्प्युटरवर मी तो एकटीनं उघडला. पट्ट्या पाठीच्या पाण्यात होत्या, रक्तात नव्हत्या. दुसऱ्या दोन आजारांच्या अँटिबॉडी सापडल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "आता मी डोळे मिटून औषध ठरवू शकतो. आजार मुळापासून जाणार नाही, पण पुढचे झटके आपण पुष्कळ थोपवू शकतो. तुम्ही वेळेत आलात."

"झराच खारा ना?" भावजयीनं विचारलं.

"झराच," डॉक्टर म्हणाले.

"मंग बरं. खाडीशी भांडत बसायला नको, झऱ्याचं काय ते बघू."

आज ती बाजारात बसते. सहा महिन्यांतून एकदा पालघरला जाऊन सलाईनमधून औषध घेते. उन्हाळ्यात लवकर दमते, तेव्हा स्टूल घेऊन सावलीला सरकते आणि तिथूनच गिऱ्हाईकाला टोमणे मारते. उजव्या पायाला पट्ट्याची चप्पल घालते, निसटू नये म्हणून. डोळा पुन्हा गेलेला नाही. पण मला सांगायचं आहे ते डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला त्या गुरुवारी संध्याकाळचं.

हॉस्पिटलातून आम्ही दोघी थेट गावाला गेलो. बाबा ओट्यावरच होते. आम्हाला बघून उभे राहिले, गुडघे दुखत असूनही. मी रिपोर्ट काढला. आजाराचं नाव, पट्ट्या, अँटिबॉडी, सगळं पुढे होतं. मी ते सोडून वरच्या कोपऱ्यातली ओळ शोधली, जी कुणी पेशंट कधी वाचत नाही, आणि त्यांना मराठीत वाचून दाखवली. "नमुन्याची अवस्था. पाठीचं पाणी, पूर्ण गोठलेलं मिळालं. उत्तम."

त्या ओळीकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते भावजयीच्या पाठीकडे बघत होते.

"मंग तिला परत टोचायची नाय ना?" त्यांनी विचारलं. "माझ्यामुळं परत सुई नाय ना घालणार?"

इतके दिवस मी समजत होते की बाबा रागावलेत. ते रागावले नव्हते. सुनेला परत सुई टोचावी लागेल आणि ती आपल्यामुळे, ह्या एका भीतीनं त्यांचं तोंड बंद झालं होतं. मी नासवलंत म्हटलं, आणि त्यांनी ते खरं धरलं होतं.

"नाय टोचायची, बाबा," मी म्हटलं. आणि मग एकदाचं तोंडातून निघालं. "तुमी काय नासवलं नाय. रक्त मी नासवलं. पाणी तुमी राखलंत." पुढे मला बोलता येईना, मी ओट्यावर बसून मोठ्यानं रडले, शेजारणी दारात येऊन बघेपर्यंत. भावजय म्हणाली, "बघा, आता ही खारं पाणी करते."

बाबा हळूच खाली बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. मग माझ्या हातातल्या कागदाकडे बोट केलं.

"ते बर्फाचं काय लिवलंय," म्हणाले, "ते परत वाच."

मी परत वाचलं. त्यांनी मला तीनदा वाचायला लावलं, आणि तिसऱ्या वेळी भावजयीला म्हणाले, "ऐकलंस ना?"

"ऐकलं," ती म्हणाली. "तुमची पेटी कशी नासेल?"